बॅटरी डिकीत नेताना ५० स्क्वेअरची वेल्डिंग केबल: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी मारुती एस्टीम, १.३ लिटर पेट्रोल. बॅटरी बॉनेटखालून काढून डिकीत उजव्या बाजूला बसवली आहे. तिथून सेल्फपर्यंत (इंजिन सुरू करणारी मोटर) ५० चौरस मिमीची, म्हणजेच ५० स्क्वेअरची, तांब्याची वेल्डिंग केबल, लांबी साधारण ५ मीटर. कडक उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा झाला, केबलबद्दल तक्रार नाही. जे काही दुखणं निघालं ते टोकांवर आणि अर्थिंगला (मायनसच्या जोडणीला) निघालं, म्हणून खाली केबलइतकंच त्याबद्दलही लिहिलं आहे.

आधी जाडी. या इंजिनाचा सेल्फ फिरताना साधारण १५० अँपिअर ओढतो. चावी मारल्याच्या पहिल्या क्षणी हा आकडा ४०० च्या आसपास जातो. बारीक तारांच्या तांब्याच्या केबलचा रोध २५ स्क्वेअरला मीटरमागे ०.७८ मिलिओहम, ३५ ला ०.५५, ५० ला ०.३९ आणि ७० ला ०.२७ धरायचा. म्हणजे ५ मीटरवर १५० अँपिअरला २५ स्क्वेअरमध्ये जवळजवळ ०.६ व्होल्ट पडतात (म्हणजे वाटेतच वाया जातात), ३५ मध्ये ०.४२, ५० मध्ये ०.२९, ७० मध्ये ०.२. प्लसच्या संपूर्ण वाटेवर, म्हणजे थिंबल (केबलच्या टोकाला बसवायचा भोकाचा तुकडा), फ्यूज, स्टड (जोडणीचा उभा बोल्ट) सगळं धरून, अर्ध्या व्होल्टच्या आत राहायचं हे धोरण. कागदावर ३५ बसते. पण हे आकडे २० अंशांचे आहेत. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत केबल ६० अंशांना पोचली की तांब्याचा रोध सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, वर टोकांचा रोध आहेच. तिथे ३५ काठावर येते. गरम इंजिन बंद करून लगेच सुरू करताना सेल्फ जड फिरतो किंवा सोलेनॉइड (सेल्फचा चुंबकी स्विच) नुसता टकटक करतो, त्याचं मूळ बऱ्याचदा या काठावरच्या हिशेबात असतं. ७० घेतली तर जेमतेम ०.०९ व्होल्ट वाचतात आणि ती वळवायला त्रास देते.

वजनही मोजा. ५० स्क्वेअरमध्ये नुसतं तांबंच मीटरला ४५० ग्रॅम, रबरासकट ५ मीटरला तीन किलोच्या आसपास. वजन पुढून मागे जातं हे खरं, पण गाडीचं एकूण वजन वाढतं. हलकी गाडी हवी असेल तर बॅटरी आहे तिथेच राहू द्या.

कार ऑडिओच्या दुकानात ‘झीरो गेज’ म्हणून मिळणारी जाड, रंगीत केबल घेण्याचा मोह होतो. त्यातली बरीचशी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून अधिक, आणि ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू बसत जातं, त्यामुळे क्रिंप (थिंबल केबलवर दाबून केलेली जोडणी) ढिली पडते. ओळखायला एक तार ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर परत करा. दुसरी खूण वजनाची. एक मीटरचं आवरण काढून तारा तोला: ५० स्क्वेअरचं खरं तांबं ४५० ग्रॅमच्या जवळ भरेल, मुलाम्याची तार १८० च्या आसपास. वरचं आवरण जाड करून आत तांबं कमी भरलेलं असेल तर तेही याच वजनात उघडं पडतं.

वेल्डिंग केबल निवडण्याचं कारण तिच्या बारीक तारा. ०.२ मिमीच्या सुमारे १,६०० तारा असल्याने ती फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) वळणात सहज बसते आणि इंजिनच्या हलण्याने थकत नाही. घेताना एचओएफआर आवरणाची मागा. ते उष्णता, तेल आणि आग या तिन्हींना साध्या रबरापेक्षा चांगलं टिकतं. साधं पीव्हीसी ७० अंशांचं असतं. बॉनेटखाली ते मऊ होतं आणि पत्र्याच्या कडेवर दाबलं गेलं की हळूहळू कापलं जातं. या केबलचं आवरण सायलेन्सरच्या बाजूलाही मऊ पडलेलं नाही, चिरही नाही. मात्र तिथे वरून उष्णतारोधक स्लीव्ह चढवलेली आहे, ते श्रेय तिचंही.

टोकांना कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची थिंबल, ५० स्क्वेअर, ८ मिमी भोक. बारीक तारांची केबल साध्या केबलपेक्षा फुगीर असते, त्यामुळे थिंबलमध्ये घट्ट जाते. काही जण अशा वेळी चार तारा छाटतात. ते करू नये, थोड्या मोठ्या तोंडाची थिंबल शोधावी. हातोडीने ठोकलेली क्रिंप चालत नाही. षटकोनी डायचं हायड्रॉलिक टूल हवं, स्वतःकडे नसेल तर इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्यांकडे असतं. एका तुकड्यावर क्रिंप करून ती हॅक्सॉने मधोमध कापून पाहा: तारा एकजीव दिसल्या पाहिजेत, मध्ये पोकळी नको. डाग देऊन सांधणं टाळा. कथिल केबलमध्ये आत झिरपतं, तो भाग कडक होतो आणि हादऱ्यांनी नेमका तिथेच तुटतो. वरून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी).

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. पुढे बसवला तर मधली सगळी केबल उघड्यावर राहते. डिकीपासून फायरवॉलपर्यंत केबल पत्र्याला लागूनच जाते. ती कुठे घासून टेकली तर एवढीशी बॅटरीही हजार अँपिअरच्या घरात प्रवाह सोडते आणि कार्पेट पेटतं. इथे २५० अँपिअरचा बोल्टचा मेगा फ्यूज आहे. सेल्फच्या पहिल्या धक्क्याला तो उडालेला नाही. फ्यूजचा नट मात्र अधूनमधून कसून पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीची जोडणी सुटली तर अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर उसळतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) जाऊ शकतो.

केबल पेट्रोलच्या नळीच्या विरुद्ध बाजूने न्यावी, दाराच्या खालच्या पट्टीखालून, सीटच्या रुळापासून आणि बेल्टच्या बोल्टपासून दूर. दर ३० सेंटिमीटरला रबर लावलेली क्लिप, प्रत्येक भोकाला ग्रोमेट (रबरी कडी). इंजिनजवळ सैल वळसा ठेवा. फायरवॉलपाशी एक इन्सुलेटेड स्टड बसवून तिथूनच सेल्फ, फ्यूज बॉक्स आणि अल्टरनेटर वेगळे केले की काम स्वच्छ राहतं.

आता अर्थिंग. मायनसची वाट बॉडीच्या पत्र्यातून घेतली आहे, म्हणून डिकीतला अर्थ आणि इंजिन ते बॉडीची पट्टी या दोन्ही ५० स्क्वेअरच्याच. मूळची बारीक पट्टी तशीच ठेवून फक्त प्लस जाड करणं म्हणजे पैसे वाया. बसवल्यावर सेल्फ फिरताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्ट पडत होते. पावसाळ्यानंतर ते ०.४ झाले. प्लसच्या वाटेवर मात्र सुरुवातीला ०.३५ आणि आता ०.३६. दोष डिकीतल्या बोल्टचा होता: स्टेपनीच्या खड्ड्यात ओल साचते, पत्रा रंग खरवडून उघडा केलेला, त्याला वायसरखाली गंज चढला. पॉलिश पेपरने साफ करून, दातेरी वायसर घालून, कसल्यानंतर वरून ग्रीस आणि प्रायमर दिल्यावर पुन्हा ०.२. अर्थचा बोल्ट खड्ड्यात घेऊच नये, वरच्या जाड पट्टीवर घ्यावा.

हे मोजणं सोपं आहे. कॉइलचा कनेक्टर आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर. कुणाला तरी पाच-सात सेकंद सेल्फ मारायला सांगा, आकडा वाचा. आकडा जास्त आला तर दुसरी पिन टप्प्याटप्प्याने फ्यूज, स्टड अशी सरकवत न्या. जिथे उडी दिसते तिथे दोष.

बॅटरी सीलबंद एजीएम (आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली) घ्या, किंवा साधी असेल तर बंद पेटीत ठेवून वायूची नळी गाडीबाहेर काढा. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो आणि आम्लाची वाफ डिकीचा पत्रा खाते. बॅटरी बोल्टने डिकीच्या तळाला जखडलेल्या लोखंडी चौकटीत हवी. प्लस टर्मिनलवर रबरी टोपी हवीच, कारण डिकीत जॅक आणि पाने असतात.

डिझेलवाल्यांनी मात्र ५० वर थांबू नये. सेल्फ २५० अँपिअर ओढत असेल तर त्याच ५ मीटरवर ०.४८ व्होल्ट फक्त केबलमध्येच जातात. तिथे ७० घ्या आणि अर्थलाही ७०.