इलेक्ट्रिक वॉक: बरेच महिने वापरून झाल्यावर

हॉटेलातल्यासारखा धुरकट वास घरी येईल या आशेवर इलेक्ट्रिक वॉक (विजेवर चालणारी खोलगट चिनी कढई) घेणार असाल तर जरा थांबा, तो वास यात येत नाही. तिथल्या बर्नरची ताकद याच्या दहापट नाहीतर त्याहूनही जास्त, वर कढई उडवली की तेलाचे बारीक थेंब थेट ज्वाळेत जळतात, इथे ज्वाळाच नाही तर जळणार काय. पण हे एकदा मान्य केलं की मशीन वाईट नाहीये, माझा तरी अजून ओट्यावरच आहे, माळ्यावर गेलेला नाही.

माझं मॉडेल १५०० वॅटचं, आतून नॉनस्टिक, खाली गोल कॉइल आणि बाजूने खुपसायचा सुटा थर्मोस्टॅट (तापमान ठरवायचा भाग). सगळा खेळ या १५०० वॅटचा आहे. साधा हिशोब बघा, भाज्यांना १०० ग्रॅम पाणी सुटलं तर उकळत्या पाण्याची वाफ करायलाच साधारण सव्वादोनशे किलोज्यूल लागतात, म्हणजे फुल ताकदीवर अडीच मिनिटं, तेही सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली तर, जी कधीच मिळत नाही. आणि तळाशी पाणी आहे तोवर भाजी शंभर डिग्रीच्या वर जात नाही, खरपूस व्हायला १४० च्या वर जावं लागतं. त्यामुळे अर्धा किलो भाजी एकदम ओतली की परतणं बंद आणि उकडणं सुरू. बॉक्सवर पाच लिटर लिहिलेलं असतं ते सूपचं माप समजा, स्टर-फ्रायला (मोठ्या आचेवर भराभर परतायला) एका वेळी तळ जेमतेम झाकेल एवढंच.

म्हणून मी बॅचमध्येच करतो. आधी चिकन किंवा टोफू, ते ताटलीत काढून ठेवायचं, मग गाजर-ब्रोकोली, मग मशरूम एकटे (मशरूमइतकं पाणी कोणीच सोडत नाही), आणि शेवटी सगळं एकत्र करून सॉस. भाज्या धुतल्यावर कापडाने खरंच कोरड्या करायच्या, हे कंटाळवाणं आहे पण फरक इथेच पडतो, महागाच्या मॉडेलने नाही. चिकन पातळ कापून थोडं कॉर्नफ्लोअर, अंड्याचा पांढरा आणि सोया सॉस लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं की आच कमी पडली तरी चिवट होत नाही. फ्राइड राइस मात्र यात मस्तच होतो, फ्रीजमधला आदल्या दिवशीचा भात कोरडा नि मोकळा असतो, पाण्याची कटकटच नाही. नूडल्स पण ठीक, फक्त उकडून नीट निथळून तेल चोळून घ्या.

थर्मोस्टॅटची एक गंमत आहे. दिवा विझला की गरम झालं, आता टाका, असं मॅन्युअल म्हणतं. मी उलट करतो, विझून परत पेटला की टाकतो, म्हणजे गार माल पडतो तेव्हा कॉइल चालू असते, नाहीतर मशीनला थंडी कळेपर्यंत भाजीला पाणी सुटलेलं असतं. लसूण-आलं मात्र दिवा विझलेला असतानाच, फुल आचेवर लसूण लगेच कडू होतो.

उष्णता फक्त तळाच्या गोलात असते, बाजूच्या भिंती बऱ्याच गार. शिजलेलं वर सरकवून ठेवायला ते बरं पडतं. पण व्हिडिओत सॉस कडेने ओततात ना, चर्रर्र आवाज करत, ते इथे करू नका, गार भिंतीवरून सॉस नुसता ओघळतो. मधे जागा करून तिथे ओतायचा, दहा सेकंद उकळू द्यायचा आणि मग हलवायचं.

कोटिंगबद्दल बोलायचं तर लाकडी उलथनंच वापरलंय तरी कॉइलच्या वरचा गोल फिकट झालाय आणि भात तिथेच पकडायला लागलाय. नॉनस्टिक २६० च्या पुढे खराब होतं, थर्मोस्टॅटवर शेवटचा आकडा २३० आहे म्हणून त्याची काळजी नाही, पण रिकामा फुलवर ठेवून कांदा चिरत बसू नका. माझ्या मते पाच पैकी साडेतीन, तो अर्धा स्टार कोटिंगनेच खाल्ला.

धुणं सोपं, पण पूर्ण गार झाल्यावर थर्मोस्टॅट उपसून बाजूला ठेवायचा, त्याला पाणी अजिबात लागू द्यायचं नाही आणि परत खुपसायच्या आधी ते भोक कोरडं आहे ना बघायचं. थर्मोस्टॅट सुटा होत नसेल असं मॉडेल असेल तर घेऊच नका, सिंकमध्ये धुता येत नाही आणि वास राहतो. वायर आखूड असते म्हणून वैतागायला होतं, पण पाय अडकून गरम तेल अंगावर येऊ नये म्हणून ती मुद्दाम तशी देतात, तेव्हा घरात पडलेलं कुठलंतरी बारीक एक्स्टेंशन लावू नका, एवढ्या लोडवर ते तापतं, ओट्याजवळ जास्त लोडचा सॉकेट आहे का ते ऑर्डर करायच्या आधीच बघून घ्या.