लोकांच्या व्यायामासाठी काय बरं, बागेत ओपन जिम की काही वेळ गाड्यांना रस्ता बंद?
ओपन जिम बसवणं पालिकांना सोपं जातं, जागा कमी लागते, उद्घाटनाचे फोटो पण मस्त येतात, पण आमच्या बागेतल्या सायकलचं एक पेडल कधीचं गेलंय आणि आज्या हँडलला पिशव्या अडकवून गप्पा मारत बसतात, आता चालत येतात तेवढाच काय तो व्यायाम. रस्ता बंद ठेवायचं प्रकरण वेगळंय. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिनाला लक्ष्मी रोडचा एक भाग गाड्यांना बंद असतो, मधोमध निवांत चालता येतं, पण वर्षातून एकदाच ना! कोलंबियाची राजधानी बोगोटात बघा, हे १९७४ पासून चालूय, दर रविवारी आणि सुट्टीला सकाळी ७ ते दुपारी २, शंभरावर किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद, सायकल चालवा नाहीतर पळा, सगळं फुकट. माझं मत रस्त्यालाच, निदान तिथे पेडल तरी स्वतःचं असतं.