पाच महिने, एक पॉलिस्टरचा शर्ट आणि पाण्याचा थेंब

या शर्टाला मी तिसऱ्या आठवड्यात पाच तारे दिले होते आणि तिसऱ्या महिन्यात चिडून एकावर आणले. आता पाच महिने झालेत. मधल्या काळात नेमकं काय बिघडलं होतं ते कळलं, म्हणून सगळं पुन्हा लिहितेय.

शर्ट 'घाम खेचून घेणारा, थंडावा देणारा' या जातीचा, शंभर टक्के पॉलिस्टर. मी उन्हाळ्यातही रोज पाऊण तास भरभर चालते. सुती टी-शर्टला कंटाळले होते. सूत घाम पितं खरं, पण पिऊन बसतं. तंतू फुगतात, विणीतल्या फटी पाण्याने बुजतात, वारा आत शिरत नाही आणि ओलं कापड पाठीला चिकटून राहतं.

'थंडावा' हा शब्द मनावर घेऊ नका. अंगात घालताच गार लागतं, कारण गार कापड त्वचेतली उष्णता झटकन ओढतं. ते त्वचेइतकं तापलं की संपलं, सगळा मामला काही सेकंदांचा. खरा गारवा घाम वाळण्यात आहे. एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला सुमारे 2400 जूल उष्णता लागते. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा गरम झाली की वारासुद्धा अंग तापवायला लागतो आणि शरीराकडे घाम वाळवण्याचा एकच मार्ग उरतो. जो घाम ठिबकून खाली पडला तो वाया गेला. त्यामुळे शर्टाने घाम पातळ पसरवून लवकर वाळू द्यावा, एवढीच माझी अपेक्षा. कापडही पातळच हवं. जाड कापडाच्या बाहेरच्या अंगाला घाम वाळला तर त्यासाठी लागणारी बरीच उष्णता बाहेरच्या हवेतून येते, आपल्या अंगातून कमी जाते.

पहिले दोन महिने शर्टाने हे काम चोख केलं. पॉलिस्टरचा तंतू स्वतः पाणी जवळपास घेतच नाही. नेहमीच्या हवेत तो वजनाच्या जेमतेम 0.4 टक्के ओलावा धरतो, सूत मात्र आठेक टक्के. पण तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी वातीत तेल चढावं तसं चढतं आणि पसरतं. घरी आल्यावर शर्ट दोरीवर टाकला की आंघोळ होईपर्यंत कोरडा.

मग तिसऱ्या महिन्यात घाम शर्टाच्या आतच ओघळायला लागला. पाठीवरून धार कमरेपर्यंत यायची आणि शर्ट बाहेरून कोरडाच. आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहिला. नवा असताना गंमत म्हणून हेच केलं होतं, तेव्हा थेंब चार सेकंदांत पसरला होता. आता अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहिला. दोन मिनिटं वाट पाहिली आणि पुसून टाकला.

कंपनीला फोटो पाठवले, थेंबाचा व्हिडिओ पाठवला. चार वेळा तेच उत्तर आलं: 'वापरामुळे झालेली झीज, बदलून मिळणार नाही.' शर्ट कसा धुता, हा एक प्रश्न एकानेही विचारला नाही. विचारला असता तर माझा महिना वाचला असता, कारण कारण धुण्यातच होतं. त्याच सुमारास मी सगळ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात सुगंधी कंडिशनर घालायला सुरुवात केली होती. कंडिशनर तंतूंवर तेलकट थर चढवतं, त्यानेच कपडे मऊ लागतात. पण तोच थर पाण्याला तंतूवर पसरू देत नाही. पाणी तंतूला धरेनासं झालं की फटींतून चढणार कसं?

आता माझा खरा राग लेबलावर आहे. मानेमागच्या लेबलावर टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि वर्तुळ अशी पाच चिन्हं आहेत: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, ड्रायक्लीन. जगभर वापरल्या जाणाऱ्या या चिन्हांमध्ये कंडिशनरसाठी चिन्हच नाही. ते शब्दांतच छापावं लागतं. ज्या एका गुणासाठी लोक शर्ट घेतात तो ज्या एका गोष्टीने मरतो, ती लिहायला अर्धी ओळ पुरली असती. त्याच लेबलावर 'थंडावा' मात्र दोनदा छापलाय.

शर्ट टाकून द्यायला जीव झाला नाही. कोमट पाणी, नेहमीची पावडर, कंडिशनर अजिबात नाही, असे सलग तीन धुणे केले. थेंब नऊ सेकंदांवर आला. चार काही परत आला नाही, पण पाठीवरची धार थांबली. म्हणून तारे पुन्हा वाढवतेय.

वासाची तक्रार मात्र कायम आहे. 2014 मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 26 जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा पॉलिस्टरचे सुतीपेक्षा जास्त कुबट निघाले. वास निर्माण करणारे मायक्रोकॉकस जिवाणू पॉलिस्टरवर जास्त वाढतात. माझा उपाय साधा आहे: शर्ट घामेजलेला असताना बादलीत कोंबून ठेवत नाही, लगेच खळबळून टाकते.

दिवसभर बाहेर राहायचं तर मी आता सैल लिननचा शर्ट घालते. हा नंतरचा शोध. लिनन थोडं ताठ असतं, अंगाला लगटत नाही, आणि त्या मधल्या फटीतून वारा खेळतो. या फटीचं महत्त्व मला फार उशिरा पटलं. वाळवंटातले बदूइन काळे झगे का घालतात, यावर 1980 मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. काळा झगा जास्त ऊन शोषत होता, तरी आतल्या माणसाला पांढऱ्या झग्यापेक्षा जास्त उष्णता पोचत नव्हती. सैल झग्याखाली खेळणारी हवा ती जास्तीची उष्णता त्वचेपर्यंत येण्याआधीच घेऊन जात होती. हे वाचल्यावर मी पॉलिस्टरचा शर्टही पुढच्या वेळी एक माप मोठा घ्यायचं ठरवलंय.

दमट दिवशी मात्र दोन्हींकडून फार आशा ठेवू नका. हवेतच वाफ भरलेली असली की घाम कुठल्याही कापडातून सावकाशच वाळतो. अशा दिवशी मी चालणं वीस मिनिटांवर आणते.

सध्या चार तारे. पाचवा लेबलासाठी राखून ठेवलाय. 'कंडिशनर वापरू नका' एवढं त्यावर छापून आलं की तोही देईन.