निराशेच्या दिवसांत मराठी पवित्र शास्त्र (आर.व्ही.): कोणती प्रत घ्यावी, कुठून उघडावी

नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, परीक्षेत पुन्हा राहिलं, की चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी हातात वचन-कार्ड, म्हणजे बायबलमधली एखादी ओळ छापलेलं कार्ड ठेवतं. देणाऱ्याचं प्रेम खरं असतं. तरी अशा दिवसांत अख्खं पवित्र शास्त्र (बायबल) जवळ हवं, आणि तेही छापील.

कारण सांगतो. 'तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट मोठा होईल' या अर्थाचं ईयोब ८:७ (ईयोबाच्या पुस्तकाचा ८ वा अध्याय, ७ वी ओळ) कार्डांवर, दुकानांच्या भिंतींवर हमखास दिसतं. हे बोलतो बिल्दद, संकटात सापडलेल्या ईयोबाचा एक मित्र. ईयोबाची मुलं त्यांच्याच पापामुळे मेली असतील, असं तीनच ओळी आधी सुचवणारा हाच माणूस. आणि ४२:७ मध्ये देव स्वतः सांगतो की हे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. कार्डावर बोलणाऱ्याचं नाव नसतं. पुस्तकातही ते अध्यायाच्या सुरुवातीलाच येतं, म्हणून ईयोब मधूनच उघडू नका. चांगल्या भविष्याचं आश्वासन देणाऱ्या यिर्मया २९:११ चंही तसंच. त्याच्या आधीच्या ओळीत बाबेलमधल्या बंदिवासाची ७० वर्षं आहेत. ती वगळली की माणूस पुढच्या महिन्याची वाट पाहतो आणि महिना सरला की स्वतःच्या विश्वासालाच दोष देतो.

आर.व्ही.ची, म्हणजे 'रिव्हाइज्ड व्हर्जन' या भाषांतराची भाषा थोडी जुन्या वळणाची आहे. सोप्या भाषांतरात अर्थ लवकर उलगडतो, हे मान्य. पण 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' हे मोठ्यानं म्हणून बघा. संतांचे अभंग कानावर पडत वाढलेल्या माणसाला स्वतःच्या जिवाशी असं बोलणं परकं वाटत नाही. ही ओळ स्तोत्रसंहितेत ४२:५, ४२:११ आणि ४३:५ अशी तीनदा येते, म्हणून ती दोन्ही स्तोत्रं एका बैठकीत वाचावीत.

सुरुवात मात्र स्तोत्र १३ पासून करा. सहाच ओळी आहेत आणि पहिल्या दोनांत 'कुठवर?' हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आहे. मग ४२-४३, मग ७७. रोज एकच बैठक, आवाज काढून, सावकाश. आठवडाभरानं विलापगीताचा ३ रा अध्याय सलग घ्या, ६६ ओळी. दररोज नव्या होणाऱ्या दयेची जी वचनं सगळ्यांना पाठ असतात ती २२-२३ व्या ओळीत आहेत. त्याआधी देवानं माझी प्रार्थना अडवली आहे, माझी आशा संपली आहे, असं त्या अध्यायात बोलणारा माणूस उघड म्हणतो. त्या २१ ओळी गाळून २२ वर उडी मारली की वचन पोकळ वाटतं.

हबक्कूक ३:१७ विदर्भातल्या संत्राबागायतदाराला समजावून सांगावं लागत नाही. अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढरं, गुरं, एकामागून एक सगळं गेलेलं. गारपिटीत बहार झडलेल्या घरी हे वाचायचं असेल तर 'तरी मी हर्ष करीन' म्हणणारी १८ वी ओळ लगेच म्हणू नका, १७ वर थोडं थांबा.

आता प्रतीबद्दल. खिशात मावणारा नुसता नवा करार सहज मिळतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी ना. वा. टिळकांना रेल्वेत एका सहप्रवाशानं दिला तो नवा करारच. पण स्तोत्रं, ईयोब, विलापगीत हे सगळं जुन्या करारात आहे, म्हणून या कामासाठी अख्खी प्रतच हवी. लहान आकाराच्या प्रतीत काना-मात्रा एकमेकांत मिसळतात, तेव्हा चाळिशी लागलेल्यांनी मोठ्या टायपाची घ्यावी. कागद पातळ असतो, शाईचं पेन मागच्या पानावर उमटतं. पेन्सिल वापरा. मे महिन्यात कूलरच्या ओल्या झोतासमोर उघडी ठेवली तर पानं लाटांसारखी वर येतात, आणि गाडीच्या डिक्कीत राहिली तर बांधणीचा गोंद सैल होतो.

मोबाइलवर हेच भाषांतर फुकट मिळतं. अक्षर मोठं करता येतं, म्हणून आजीआजोबांसाठी उत्तम. मात्र रोज सकाळी येणारं सुटं वचन बंद करून ठेवा, नाहीतर पुन्हा कार्डावरच आलात.

स्तोत्र ८८ शेवटी ठेवा. १८ ओळी, आणि अखेर अंधारातच. त्यातली पहिली हाक तेवढी 'माझ्या उद्धारक देवा' अशी आहे. वाचून झाल्यावर त्याला दुसरं आनंदाचं स्तोत्र जोडू नका. पुस्तक मिटा, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचावंसं वाटलं तर तेच वाचा.