उन्हाळी भाजीपाल्यावर शेवाळाचं टॉनिक, माझा रिव्ह्यू

आधी हे सांगतो की टॉनिक कसलं आहे, कारण टॉनिक या नावाखाली काहीही विकलं जातं. हा समुद्री शेवाळाचा अर्क आहे, ॲस्कोफायलम नोडोसम नावाचं तपकिरी शेवाळ असतं थंड समुद्रातलं, त्याच्यापासून काढलेला, लिक्विड, काळपट. टोमॅटो, मिरची आणि थोड्या काकडीवर मारला. प्रत्येक प्लॉटात काही ओळींवर मुद्दाम नुसतं पाणी फवारलं, कारण तसं केल्याशिवाय टॉनिकचा रिव्ह्यू देण्यात काही अर्थ नाही, पैसे घातले की दुसऱ्या दिवशी पान हिरवंगार दिसायलाच लागतं आपल्याला.

तर फरक पडला का? पडला, पण बाटलीवर लिहिलंय तेवढा नाही. दुपारी सगळीच झाडं माना टाकतात, त्यात फवारलेलं न फवारलेलं सारखंच, पण ऊन उतरल्यावर फवारलेल्या ओळी लवकर सावरायच्या, शेंड्याची पानं कमी करपली, आणि मिरचीची फुलगळ नजरेत भरेल इतकी कमी झाली. टोमॅटोचं सेटिंग, म्हणजे फुलाचं फळ धरणं, सुरुवातीला चांगलं होतं, मग रात्री पण गरम व्हायला लागल्यावर दोन्हीकडे सारखीच फुलं गळाली. काकडीत मला काहीच दिसलं नाही, उगाच खोटं कशाला लिहू.

रात्रीचा मुद्दा बरेच जण धरतच नाहीत, सगळं लक्ष दुपारच्या आकड्यावर. टोमॅटोला दिवसा 32-35 अंशाच्या वर त्रास होतो हे खरं पण रात्रीचं तापमान 22-24 च्या खाली उतरत नसेल तर परागकण नीट तयारच होत नाहीत. आणि ते फूल उमलायच्या दिवशी बिघडत नाहीत, त्याच्या साधारण 7 ते 15 दिवस आधी, कळी बारीक असताना बिघडतात. म्हणजे आज गळालेलं फूल गेल्या आठवड्यातल्या उकाड्याचं आहे, आणि गळ दिसल्यावर पंप पाठीवर घेऊन पळणाऱ्याला कुठलंच टॉनिक ते फूल परत आणून देणार नाही. मला वाटतं टॉनिकला शिव्या देणाऱ्यातले निम्मे इथंच चुकतात. शेवाळाच्या अर्काचं काम झाडाला आधी तयार करण्याचं आहे. उन्हानं पेशीत जे घातक ऑक्सिडंट तयार होतात ते निस्तरणारी एन्झाइम आधीच जागी होतात, प्रोलिनसारखी पेशीतलं पाणी धरून ठेवणारी द्रव्यं वाढतात, असं त्याचं काम, त्यामुळे हवामान अंदाजात तापमान चढताना दिसलं की लाट यायच्या चार-पाच दिवस आधी पहिली फवारणी हवी आणि मग दहा-बारा दिवसांनी परत.

माझ्या बाटलीचा डोस लिटरला 2 मिली होता. वाढवून मारला तर जास्त फायदा होतो असं काही नाही, लेबलवर असेल तेवढाच घ्या. वेळ सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. भर उन्हात थेंब पानावर मिनिटात सुकतो, आत काही जात नाही आणि वर क्षार साचून पान भाजतं ते वेगळंच. आणि झाड तहानलेलं असताना तर मारूच नका, आधी ड्रिप चालू करा, मग फवारा.

ज्याची मला खरी चीड येते ती गोष्ट म्हणजे लेबल. काही बाटल्यांवर फक्त "नैसर्गिक वाढवर्धक" लिहिलेलं असतं आणि आत काय आहे, किती टक्के, याचा पत्ता नाही. फवारल्यावर दोन-तीन दिवसांत शेंडा सरसर लांबला, पेरं ताणली, पानं फिकी पडली तर मला आधी जिबरेलिनचा, म्हणजे पेरं लांबवणाऱ्या संजीवकाचा (झाडाच्या हार्मोनचा) संशय येतो, आणि उन्हाळ्यात असली लुसलुशीत वाढ म्हणजे जास्त पाणी मागणारं नाजूक झाड, आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. संजीवकं वाईट नसतात, फुलगळीसाठी एनएए नावाचं संजीवक लोक वापरतातच, पण तिथं पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असा हिशोब असतो, झाकणानं अंदाजे ओतायची वस्तू नाही ती. ब्रासिनोलाइड या दुसऱ्या संजीवकाचं घ्या, 1979 साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं तेव्हा मोहरीवर्गीय रेपच्या जवळपास 227 किलो परागातून फक्त 4 मिलिग्रॅम मिळालं होतं, झाडात ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात काम करतं!

मिक्सिंगबद्दल एक, अमिनो ॲसिडवालं टॉनिक असेल तर त्यात तांब्याचं बुरशीनाशक मिसळू नका, तांबं पानात जास्त शिरतं आणि चट्टे पडतात. गंधक तर एवढ्या उन्हात स्वतंत्र पण नको.

फळावर उन्हाचे पांढरे डाग पडतात त्याला मात्र या टॉनिकचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी केओलिन, म्हणजे पांढऱ्या मातीची बारीक पावडर, ती पानाफळावर पांढरा थर धरून ऊन परत फेकते. ते वाढवर्धक नाहीच, पण माझ्या मते कडक उन्हात फळ वाचवायला ते जास्त भरवशाचं. त्रास एवढाच की पावडर खाली बसते, पंप सारखा हलवत राहावं लागतं, नोझल तुंबतं आणि तोडल्यावर माल धुवावा लागतो. टोमॅटोचं बूड काळं पडतंय तर तोही याचा विषय नाही, तिथं पाणी एक दिवस आड भरपूर आणि मधे कोरडं असं चाललंय का ते बघा, कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं.

पाचपैकी साडेतीन देईन. मिरचीसाठी परत घेणार, काकडीसाठी नाही. मल्चिंग (जमिनीवर आच्छादन) नाही, पाण्याची ओढाताण आहे अशा प्लॉटाला मी एकही देणार नाही, कारण झाड स्वतःला गार ठेवतं ते पानातून पाणी उडवून, आणि पाणीच नसेल तर अर्क काय करणार. पॅकिंग ठीक, गाळ थोडा असतो त्यामुळे हलवून आणि गाळून घ्या. वास बंदरावर उभं राहिल्यासारखा येतो, हाताला दिवसभर राहतो. फोडलेली बाटली सावलीत ठेवा आणि त्याच सीझनला संपवा, मोठा कॅन स्वस्त पडतो, पण दोन जणांत मिळून घेतलात तरच परवडेल.