स्टडखाली स्लीव्ह घालून सात महिने: गरम तेलाच्या फ्लँजचा अनुभव

हीट एक्सचेंजरच्या गरम तेलाकडचा फ्लँज, म्हणजे बोल्टांनी आवळून जोडायची तोंडाची कडा. एम 20 चे (20 मिमी व्यासाचे) 16 स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना नट लागणारे आट्यांचे दांडे, मटेरियल बी7 (मिश्रधातूच्या स्टीलची एक ग्रेड), दोन नटांमधलं अंतर जेमतेम 80 मिमी. प्लांट थंड होऊन पुन्हा तापला की खालच्या बाजूला ओल यायची. नट आवळले की थांबायची आणि पुढच्या शटडाउननंतर परत तेच. शीट पॅकिंग काढून आतबाहेर रिंग असलेलं, ग्रॅफाइट भरलेलं स्पायरल गॅस्केट (फ्लँजमध्ये दाबलं जाणारं, गळती रोखणारं कडं) बसवलं. गळती कमी झाली, पण गेली नाही. मग सात महिन्यांपूर्वी लांब स्टड घेतले आणि प्रत्येक स्टडच्या एका नटाखाली 100 मिमी लांबीची जाड स्टीलची स्लीव्ह (नळीसारखा तुकडा) घातली. तेव्हापासून प्लांट चार वेळा थंड-गरम झाला आणि सांधा कोरडा आहे.

नट आवळतो म्हणजे आपण स्टड ताणतो, आणि सांधा धरून ठेवतो तो हाच ताण. बी7 ची यील्ड (ज्यापुढे स्टील कायमचं ताणलं जातं तो ताण) 720 एमपीए. तिच्या निम्म्यापर्यंत गेलो तर एम 20 च्या 245 चौरस मिमी छेदावर साधारण 88 किलोन्यूटन बल येतं. नटांच्या आतला भाग धरून जुन्या स्टडची ताणली जाणारी लांबी 100 मिमीच्या आसपास होती, म्हणजे एवढ्या बलाला तो फक्त 0.175 मिमी वाढायचा. तापल्यावर गॅस्केट 0.04 मिमी जरी दबलं तरी जवळपास 23 टक्के ताण गेला. स्लीव्हमुळे ती लांबी 200 झाली आणि वाढ 0.35. आता तेच 0.04 गेलं तर नुकसान 11 टक्क्यांवर थांबतं. (स्लीव्ह स्वतः थोडी दबते, ते इथे धरलेलं नाही.) गॅस्केट तेच, फ्लँज तोच.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मोजमापाने. स्टडची दोन्ही टोकं सपाट करून घेतली, टोकावर पंचने नंबर मारले आणि आवळण्याआधी प्रत्येकाची लांबी मोठ्या मायक्रोमीटरने लिहून ठेवली. नव्या स्टडला मोली ग्रीस होतं, टॉर्कचा गुणांक (नट फॅक्टर, ज्यात घर्षण धरलेलं असतं) 0.15 धरून टॉर्क, म्हणजे पान्याचा पीळ, 265 न्यूटन-मीटर लावला. टॉर्कचा पाना सगळीकडे एकाच आकड्याला 'टक' वाजला, पण वाढ मात्र 0.29 पासून 0.41 मिमीपर्यंत निघाली. कमी निघालेल्या तीन स्टडच्या नटांची बसण्याची जागा खरवडलेली होती. तिथे कडक वॉशर टाकल्यावर आकडे वर आले. टॉर्कचा साधारण दहावा हिस्साच ताणात जातो, बाकीचा आट्यांत आणि नटाखाली घर्षणात खर्च होतो, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण हातात मायक्रोमीटर असताना ते दिसतं तेव्हा टॉर्कच्या तक्त्यावरचा भाबडा विश्वास उडतो. त्याच 265 ला गुणांक 0.2 निघाला तर बल 88 ऐवजी 66 किलोन्यूटन.

मोजताना एक काळजी घ्या. 280 मिमीचा स्टड 10 अंशांनी तापला तरी 0.03 मिमीहून जास्त वाढतो. सकाळची नोंद आणि भर दुपारचं माप यांची वजाबाकी करू नका. आम्ही एक सुटा स्टड तिथेच शेजारी ठेवतो आणि दर वेळी आधी तो मोजतो.

आवळण्याची पद्धत नेहमीचीच: समोरासमोरच्या क्रमाने 30, 70, 100 टक्के, मग गोलाकार फेऱ्या, नट हलायचा थांबेपर्यंत. शेजारचा स्टड आवळला की आधीचा सैल पडतो, म्हणून ही गोल फेरी चुकवायची नाही. किमान चार तासांनी पुन्हा एक फेरी घेतली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक नट थोडा फिरला. ही फेरी आधी आम्ही घाईत सोडून द्यायचो, आणि ते चूक होतं. हे सगळं प्लांट थंड आणि लाइन मोकळी असताना. दाबाखालच्या सांध्याला पाना लावायची जुनी सवय आम्ही बंद केली.

तक्रारी आहेत. लांब स्टडमुळे जुनं इन्सुलेशनचं कव्हर बसत नाही, नवीन करावं लागलं. स्लीव्हची दोन्ही तोंडं काटकोनात हवीत. पहिल्या लॉटमधल्या दोन तिरक्या होत्या, स्टड वाकत होता, त्या परत केल्या. आणि फ्लँजच्या पृष्ठभागावर आडवा, आतून बाहेर जाणारा ओरखडा असेल तर स्लीव्ह काहीही करू शकत नाही, आधी फेसिंग (पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं) करून घ्या.

डिझाइन करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. डिझाइनच्या कोडमध्ये स्टेनलेस स्टीलच्या स्पायरल गॅस्केटला 'm' (दाबाच्या किती पट गॅस्केट दाबून धरायचं तो गुणांक) 3 आणि 'y' (गॅस्केट बसवायला लागणारा किमान दाब) 69 एमपीए असतं. त्यातून निघणारं बोल्टचं बल फ्लँजची जाडी आणि बोल्टचा एकूण छेद ठरवायला आहे. प्रत्यक्ष आवळताना ते किमान समजा, लक्ष्य नव्हे. आमचं जुनं ड्रॉइंग नेमकं त्या किमान बलावरच थांबलं होतं. 4.5 मिमीचं गॅस्केट बाहेरच्या रिंगपर्यंत, साधारण 3.3 मिमीवर यायला हवं होतं. आमच्याकडे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फ्लँजमधली फट मोजून हिशोब केला तेव्हा ते 3.8 वरच होतं.

मागच्या शटडाउनला नट सोडताना पुन्हा लांबी मोजली. 16 पैकी 14 स्टडमध्ये 0.30 मिमीच्या वर ताण शिल्लक होता. उरलेले दोन खालच्या बाजूचे, 0.27 आणि 0.28. तिथे पाइपचा सपोर्ट खचलाय का, ते या आठवड्यात बघतोय.