साईडपट्टीचा हिशेब: जांबोटी, हेम्माडगा आणि हलशीच्या रस्त्यांवर सायकलीने दहा महिने

आषाढातल्या एका रविवारी सकाळी कुसमळीचा पूल ओलांडून मी जांबोटीकडे निघालो असताना समोरून दोन मालट्रक एकमेकांना मागे टाकत आले आणि मला डांबर सोडून डावीकडे उतरावे लागले. उतरताना कसाबसा सावरलो, पण परत वर चढताना पडलो, कारण डांबराची कड तिच्या बाजूच्या मातीपेक्षा चार बोटे उंच होती आणि गवतामुळे ते दिसत नव्हते. मागच्या टायरची बाजू फाटली, रिम वाकली आणि उजव्या कोपराला सहा टाके पडले. बेळगावच्या पश्चिमेकडच्या जंगलातल्या रस्त्यांवर मी दिवाळीपासून दर रविवारी आणि बहुतेक सुट्यांच्या दिवशी सायकल चालवत आलो आहे. या रस्त्यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत, पण साईडपट्टीविषयी, म्हणजे डांबराच्या कडेच्या मातीच्या पट्टीविषयी, कोणी फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर नोंदवत आहे.

माझी सायकल जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली रोड बाईक आहे. तिला रिमवर दाबणारे ब्रेक आहेत आणि टायर पंचवीस मिलिमीटरचे होते. दोन्ही चाके मात्र दिवाळीत नवी घेतली होती आणि त्यांवर एक वर्षाची हमी होती. पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी आणि पुढे चोर्ला हा माझा नेहमीचा मार्ग. जांबोटीपर्यंत तीसेक किलोमीटर होतात, कणकुंबी पंचेचाळिसाच्या आसपास येते, आणि जांबोटी सोडल्यावर दोन्ही बाजूंना जे जंगल सुरू होते त्यासाठीच इतक्या पहाटे उठावेसे वाटते. फाल्गुनात अंजनीची झुडपे जांभळी होतात, पहाटेच्या धुक्यात कधी गवा रस्ता ओलांडताना दिसतो, आणि अशा वेळी पन्नास पावले अलीकडे थांबून त्याला पुरेसा वेळ देणे एवढेच आपल्या हाती असते. चोर्ल्याचा घाट गोव्याच्या बाजूला उतरून पुन्हा चढणारे अनेक जण आहेत. मी तो दोनदा केला आणि अवजड वाहनांच्या रांगेमुळे तिसऱ्यांदा करण्याची इच्छा राहिली नाही.

पहिल्या चार महिन्यांत या मार्गाबद्दल माझे मत अत्यंत चांगले होते, कारण डांबर गुळगुळीत होते आणि मी रस्त्याचे मोल केवळ डांबरावरून करत होतो. रस्ता नवा करताना जुन्या डांबरावर नवा थर चढवला जातो, पण बाजूची माती त्याच प्रमाणात उचलली जात नाही, ही गोष्ट मोटारीतून जाणाऱ्याला कधीच जाणवत नाही. रस्त्याचा मध्य किंचित उंच ठेवलेला असल्याने पावसाचे सगळे पाणी दोन्ही कडांना येते, कडेचा मुरूम धुऊन नेते आणि जांभ्याची तांबडी माती उघडी पाडते. कणकुंबीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. याच कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळायला निघते, आणि याच खानापूर तालुक्यातून निघालेली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते, इतका हा प्रदेश पाण्याच्या माथ्यावर बसलेला आहे. एकदा कड उघडी पडली की बसचे किंवा ट्रकचे चाक तिच्यावरून जाते, कडेचा तुकडा मोडतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिथे करवतीसारखे दाते तयार होतात.

यात उतरण्यापेक्षा परत वर चढणे अधिक धोक्याचे आहे, हे मला पडल्यानंतर कळले. ट्रक गेला की आपण वेग न मोडता, तिरक्या रेषेत, पुन्हा डांबरावर येऊ पाहतो. अशा वेळी पुढचे चाक कडेवर चढत नाही, ते कडेला घासत सरळ जात राहते, आपला तोल मात्र रस्त्याच्या मध्याकडे गेलेला असतो, आणि सायकल अंगाखालून निसटते. मी खाली उतरताना सावरलो होतो. पडलो तो परत चढताना. तेव्हापासून माझा नियम असा आहे की एकदा डांबर सोडले की पूर्ण थांबायचे, सायकल हाताने उचलून वर ठेवायची आणि मगच निघायचे. त्या दिवशी खव्याच्या पाट्या बांधून बेळगावला निघालेला एक दुचाकीस्वार माझ्यासाठी थांबला, त्याने सायकल बाजूला घेतली, जखमेवर ओतायला स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "सर, पावसात इथे खाली उतरायचं नाही. ही माती धरत नाही. आम्ही मागूनच हॉर्न ओळखून आधी थांबतो." हा सल्ला मी तेव्हापासून पाळतो.

इथपर्यंतचा भाग मी त्याच आठवड्यात लिहून ठेवला होता आणि त्यापुढे चाके विकणाऱ्या दुकानाविषयी बरेच कठोर शब्द लिहिले होते. दुकानदाराने हमी नाकारली, आपटून झालेले नुकसान हमीत येत नाही असे सांगितले, आणि आठ महिन्यांत रिमला आऱ्याच्या भोकापाशी भेग पडते म्हणजे मालच सदोष असला पाहिजे असा माझा आग्रह होता. तीन वेळा दुकानात खेटे घातले, दोन पत्रे दिली. नव्या चाकाचे तीन हजार दोनशे रुपये मला सहज परवडण्यासारखे नाहीत, आणि ज्या वस्तूची हमी दिली आहे तिचे पैसे पुन्हा देणे मला आजही अवघड जाते.

परंतु ते शब्द मी आता काढून टाकले आहेत. आउट काढता येतो का, म्हणजे वाकलेली रिम सरळ करता येते का, हे पाहण्यासाठी मी ते चाक शहापुरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेले. त्यांनी रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीवर नख फिरवून दाखवले, तर ती आत खोलगट झालेली होती. जांभ्याची ओली माती ब्रेकच्या रबरात रुतून बसते आणि प्रत्येक उतारावर रिम घासून काढते, हे त्यांनी रबरात अडकलेले खडे टोकदार पिनेने काढून सिद्ध केले. मग त्यांनी मी किती हवा भरतो ते विचारले. मी एकशे दहा पौंड म्हणालो, कारण टायरवर एकशे वीस छापलेले होते. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरावी अशी ती शिफारस नसते, हे मला इतकी वर्षे सायकल चालवूनही ठाऊक नव्हते. इतका कडक टायर कडेवर आपटला की धक्का स्वतः झेलत नाही, तो थेट रिमला देतो. तेव्हा चूक कडेची होती, हवेची होती, आणि चिखल न धुण्याच्या माझ्या आळसाची होती. दुकानदाराचे म्हणणे बरोबर होते, आणि तसे मी त्याला जाऊन सांगून आलो.

आता अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर बसवले आहेत, कारण माझ्या ब्रेकच्या चिमट्यात याहून रुंद टायर मावत नाही. माझे वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे. पुढे सत्तर आणि मागे ऐंशी पौंड हवा ठेवतो. रुंद टायर म्हणजे वेगाचे नुकसान आणि पैशाचा अपव्यय असे मी पूर्वी म्हणत असे. कणकुंबीच्या वेळेत मला काही फरक आढळलेला नाही, आणि परतल्यावर मनगटे दुखत नाहीत. पावसातून आल्यावर दोन तांबे पाणी रिमवर ओतून फडक्याने पुसायचे, ब्रेकचे रबर पिनेने साफ करायचे आणि चेनला तेल द्यायचे, याला दहा मिनिटे लागतात.

या निमित्ताने हेम्माडग्याच्या रस्त्याविषयीचे माझे मतही बदलले. खानापूरहून मणतुर्गा, शिरोली, हेम्माडगा असा अनमोडकडे जाणारा हा रस्ता भीमगड अभयारण्याच्या जंगलातून जातो. 2011 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 190 चौरस किलोमीटरचे आहे, आणि रस्त्यावर झाडांची सावली इतकी दाट असते की चैत्रातही डोक्यावर ऊन येत नाही. डांबर जुने आणि खडबडीत असल्यामुळे हिवाळ्यात मी हा रस्ता दोनदा करून सोडून दिला होता. श्रावणात मात्र मुद्दाम साईडपट्टी पाहण्यासाठी गेलो, आणि जे मी दोष समजत होतो तेच या रस्त्याचे मोठे बळ आहे असे दिसले. थरावर थर चढलेले नसल्याने डांबर आणि माती बहुतेक ठिकाणी एका पातळीवर आहेत, वाहने मोजकी आणि सावकाश जाणारी आहेत, आणि समोरून बस आली तरी सायकल न थांबवता खाली घेता येते. मोठ्या पावसात मणतुर्ग्याजवळचा हलात्रीचा पूल पाण्याखाली जातो, तेव्हा निघण्यापूर्वी खानापुरात चौकशी करावी. मला पुढे बराच वेळ मोबाइलची रेंजही मिळाली नाही, म्हणून एक जादा ट्यूब, पंप आणि टायरला आतून लावायला जुन्या टायरचा कापलेला तुकडा जवळ ठेवतो. हा तुकडा फुकट मिळतो आणि फाटलेल्या टायरवरही घरापर्यंत आणतो.

खानापूर, नंदगड, हलशी हा तिसरा मार्ग जंगलाच्या काठाकाठाने, शेतांतून जातो. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे आणि हलशीला कदंब राजांच्या काळातले भूवराह नरसिंहाचे देऊळ आहे. खानापूरपासून हलशी फार लांब नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी.

जांबोटीचा रस्ता मी सोडलेला नाही. किणये ते कणकुंबी प्रत्येक किलोमीटरच्या दगडापाशी थांबून कडेची खोली बोटांनी मोजली आणि वहीत लिहिली. निम्म्याहून अधिक ठिकाणी ती तीन बोटांपेक्षा जास्त भरली. ही यादी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून संबंधित कार्यालयात दिली असून तिची पोच माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेले नाही. गणपतीनंतरच्या रविवारी मात्र जांबोटीच्या अलीकडे एका वळणावर ताजा मुरूम टाकून दाबलेला दिसला. तो कोणी आणि कशासाठी टाकला हे मला माहीत नाही. मागून बसचा हॉर्न आला तेव्हा मी ब्रेक न लावता डावीकडे उतरलो, बस गेली, आणि पायडल न थांबवता पुन्हा डांबरावर आलो. जवळजवळ दोनशे पावले लांबीचा तो पट्टा मी परतताना पुन्हा मोजला आणि वहीत त्या दगडापुढे शून्य लिहिले.